आयबीएस आणि रोजचं ताट: काय वगळायचं, किती दिवस, आणि परत कसं आणायचं

पोट सतत फुगतं, जेवल्यावर मुरडा येतो, कधी चार दिवस संडासला होत नाही तर कधी सकाळी तीनदा पळावं लागतं. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, आणि शेवटी डॉक्टर म्हणतात, "आयबीएस आहे, काळजी करू नका." आयबीएस म्हणजे इरिटेबल बाऊल सिंड्रोम, आतड्याला इजा नसताना होणारा पोटाचा सततचा त्रास. हे ऐकल्यावर बहुतेक जण स्वतःच एकेक पदार्थ सोडायला लागतात. आधी दूध, मग गहू, मग डाळी, मग फळं. वर्षभरानं ताटात भात आणि दही उरतं, वजन उतरलेलं असतं आणि पोट मात्र तिथंच असतं.

अशा बेशिस्त सोडण्याला एक नीट पर्याय आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ च्या सुमारास 'फॉडमॅप' (नीट न शोषली जाणारी आणि आतड्यात आंबून गॅस करणारी काही लहान कर्बोदकं) ही कल्पना मांडली आणि त्यावर पथ्याची पद्धत बांधली. आयबीएसच्या आहारोपचारांत आज सर्वाधिक अभ्यास याच पद्धतीवर झाला आहे. हा लेख ती पद्धत मराठी स्वयंपाकघरात कशी बसवायची यावर आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की ठेवा. वगळणं ही चार-सहा आठवड्यांची चाचणी आहे. खरं काम पदार्थ परत आणण्याचं आहे, आणि नेमकं तेच लोक अर्धवट टाकतात.

१. ताटाला हात लावण्याआधी तपासण्या

हा क्रम चुकला तर पुढचं सगळं चुकतं. खालीलपैकी एकही लक्षण असेल तर पथ्य बाजूला ठेवा आणि पोटविकारतज्ज्ञांकडे जा: शौचातून रक्त, प्रयत्न न करता वजन कमी होणं, हिमोग्लोबिन कमी असणं, वरचेवर ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा दुखणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग, क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस (आतड्याला सूज आणणारे आजार) किंवा सिलिअॅक (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) असणं. पन्नाशीनंतर बाईचं पोट नव्यानं सतत फुगायला लागलं तर अंडाशयाची तपासणीही हवी. आपल्याकडे आतड्याचा टीबी अजूनही दिसतो, जिआर्डियासारखे परजीवी जंतूही असतात, आणि दोन्ही सुरुवातीला आयबीएससारखेच वाटू शकतात.

डॉक्टरांशी बोलून साधारण या तपासण्या झालेल्या असाव्यात:

- सीबीसी (रक्तपेशी), सीआरपी (शरीरातली सूज), टीएसएच (थायरॉइड)
- शौचाची साधी तपासणी. जुलाबाचा त्रास जास्त असेल तर फीकल कॅलप्रोटेक्टिन (आतड्यात सूज आहे का ते सांगणारी शौचाची तपासणी)
- टीटीजी-आयजीए आणि सोबत टोटल आयजीए (सिलिअॅकसाठी)
- बी-१२, डी-३, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा)

टीटीजीची तपासणी गहू खात असतानाच करायची. गहू सोडून महिना-दोन महिने झाले की सिलिअॅक असणाऱ्याचाही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो, आणि मग निदानासाठी परत कित्येक आठवडे रोज गहू खावा लागतो. हा फरक महत्त्वाचा आहे. सिलिअॅकमध्ये गहू जन्मभर, कणभरही चालत नाही. आयबीएसमध्ये तो प्रमाणाचा प्रश्न असतो.

बाजारात दोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' तपासणी मिळते, हजारो रुपयांची. त्यात बहुधा आयजीजी (रक्तातली एक प्रकारची प्रतिपिंडं) मोजतात. आयजीजी म्हणजे तो पदार्थ तुमच्या शरीराच्या ओळखीचा आहे एवढंच. तुम्ही रोज खाता तेच पदार्थ त्यात लाल रंगात येतात. त्यावरून ताट ठरवू नका.

२. हे एकट्यानं कोणी करू नये

गरोदर आणि स्तनदा माता, लहान मुलं, आधीच वजन कमी असलेले, पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक आजार झालेले, मूत्रपिंडाचे रुग्ण, आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणारे मधुमेही. या शेवटच्या गटाला धोका दोन बाजूंनी असतो. पोळी जाऊन भात वाढला की साखर चढते, आणि एकूण खाणं कमी झालं की गोळी तीच राहून साखर पडते. या सगळ्यांनी आहारतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

३. काय काय हाताशी हवं

- रिपोर्टांची फाईल आणि सध्याच्या सर्व औषधांची यादी. चूर्णं, काढे, 'गॅसची गोळी' हेही त्यात लिहा.
- ग्रॅम दाखवणारा डिजिटल वजनकाटा. वाटी प्रत्येक घरात वेगळी असते. पुढे प्रमाणावरच सगळं अवलंबून आहे.
- एक वही. मोबाईलपेक्षा वही बरी, कारण ती ओट्यावर उघडी राहते.
- मोनॅशचं सशुल्क अॅप, जमल्यास. पदार्थ किती प्रमाणात हिरवा, पिवळा किंवा लाल ठरतो ते त्यात दिसतं. इंटरनेटवरच्या यादीत एकच पदार्थ एकीकडे 'चालतो' आणि दुसरीकडे 'चालत नाही' असतो, तो गोंधळ मुख्यतः प्रमाण न लिहिल्यामुळे होतो.

वहीत रोज पाच गोष्टी: काय खाल्लं आणि किती वाजता, दुखणं शून्य ते दहा, फुगणं शून्य ते दहा, शौच किती वेळा आणि कसं, झोप व ताण एका शब्दात. शौचासाठी ब्रिस्टल तक्त्याचे आकडे वापरा: १ म्हणजे लेंड्यांसारखं कडक, ४ म्हणजे नीट आणि मऊ, ७ म्हणजे पाण्यासारखं. बायकांनी पाळीच्या तारखाही लिहाव्यात. पाळीच्या आसपास त्रास वाढणं नेहमीचं आहे आणि त्याचा दोष उगाच एखाद्या भाजीवर जातो.

काही न बदलता पहिला आठवडा फक्त लिहा. नंतर तुलना याच आठवड्याशी करायची आहे.

४. आधी दोन आठवडे साधे बदल

बऱ्याच जणांचं काम इथंच होतं, मग पुढचं कडक पथ्य लागतच नाही. जेवणाच्या वेळा ठरलेल्या ठेवा, जेवण चुकवून रात्री दहाला भरपेट जेवू नका. चहा-कॉफी मिळून दिवसाला तीन कप, त्यापेक्षा जास्त नाही. फळं एका वेळी एक आणि दिवसात तीनदा, प्रत्येक वेळी साधारण ८० ग्रॅम. 'फळं पोटाला चांगली' म्हणून संध्याकाळी बोलभर फ्रूट सलाड खाणाऱ्यांचं फुगणं बहुतेक वेळा यानंच कमी होतं. तळलेलं, फार तिखट आणि दारू कमी करा. गव्हाचा कोंडा मुद्दाम टाकून पोळ्या करत असाल तर तो बंद करा. आयबीएसमध्ये कोंड्यानं त्रास वाढतो.

दोन आठवड्यांनी वही पाहा. आकडे निम्म्यावर आले असतील तर इथंच थांबा.

५. वगळण्याचा टप्पा: चार ते सहा आठवडे

फॉडमॅप म्हणजे काही विशिष्ट प्रकारची लहान कर्बोदकं. ती लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. पुढे जाताना पाणी ओढून घेतात, आणि मोठ्या आतड्यात जंतू ती आंबवून गॅस करतात. हे सगळ्यांच्याच पोटात होतं. आयबीएसमध्ये आतड्याच्या नसा ताणाला जास्त संवेदनशील असतात, म्हणून इतरांना न जाणवणारा गॅस इथं दुखतो. आतड्याला इजा होत नाही. त्यामुळे एखाद्या दिवशी चुकून काही खाल्लं गेलं तर घाबरायचं कारण नाही. सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही.

दोन गोष्टी समजल्या की बरेच गोंधळ मिटतात. एक, या कर्बोदकांची दिवसभर बेरीज होते. सकाळचा दुधाचा चहा, दुपारच्या चार पोळ्या आणि रात्रीची उसळ यातलं एकेक सोसतं, तिन्ही मिळून नाही. दुसरं, त्रास खाल्ल्या खाल्ल्या येतोच असं नाही. चार तासांनी किंवा दुसऱ्या दिवशीही येतो. रात्री दहाला पोट फुगलं म्हणून आठच्या जेवणातल्या कोशिंबिरीला दोष देऊ नका, दुपारचं पान आधी बघा.

*कांदा आणि लसूण.* मराठी घरात सगळ्यात अवघड हेच. यातली फ्रुक्टन्स (फॉडमॅपचाच एक प्रकार) शिजवून जात नाहीत. ती पाण्यात विरघळतात, म्हणून रस्स्यातले कांद्याचे तुकडे बाजूला काढून उपयोग नाही. रस्सा आधीच त्यांनी भरलेला असतो. पण ती तेलात उतरत नाहीत, आणि ही आपल्या फोडणीच्या फायद्याची गोष्ट आहे. तेल गरम करून लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तांबूस होईपर्यंत परता, झाऱ्यानं सगळ्या बाहेर काढा, आणि मगच मोहरी, जिरं, कढीपत्ता घाला. पाणी, टोमॅटो किंवा भाजी पडण्याआधी पाकळ्या निघाल्याच पाहिजेत. लसणाचा स्वाद राहतो, त्रास देणारा भाग राहत नाही. हे तेल रोज ताजं करा. कच्चा लसूण तेलात घालून बाटली ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे, त्यात बोटुलिझमचे (जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचे) जंतू वाढू शकतात.

कांद्याच्या जागी पातीच्या कांद्याची फक्त हिरवी पात वापरा, पांढरा भाग नको. चिमूटभर हिंगानं बरीच उणीव भरून निघते. सिलिअॅक असेल तर मात्र बांधानी हिंगाचं लेबल वाचा, त्यात बहुधा मैदा असतो. ज्या घरात चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असतो तिथं हा स्वयंपाक नवा नाही. आईला किंवा सासूबाईंना विचारलंत तर निम्म्या पाककृती घरातच मिळतील.

*गहू.* पोळी, रवा, शेवया, मैदा, पाव, बिस्किटं, खारी, टोस्ट. त्याजागी भात, तांदळाची किंवा ज्वारीची भाकरी, पोहे, साबुदाणा. सुरुवात तांदूळ आणि ज्वारीनं करा, बाकीची धान्यं नंतर एकेक करून आणा. गिरणीतून दळून आणताना आधीच्या गव्हाचं थोडं पीठ मिसळतंच. आयबीएससाठी तेवढ्यानं बिघडत नाही. सिलिअॅकसाठी मात्र तेवढंच पुरेसं आहे. त्या घरात ज्वारी-तांदूळ घरगुती घरघंटीवर, वेगळ्या पोळपाटावर आणि वेगळ्या डब्यातच हवेत.

*डाळी आणि कडधान्यं.* राजमा, छोले, चवळी, मटकी, वाटाणा, बेसन हे या टप्प्यात बंद. तूरही बंद. मुगाची डाळ शिजवल्यावर पाव वाटी, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, एका जेवणात चालते. डाळ रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शिजवा आणि जमल्यास शिजवलेलं पाणीही थोडं काढून टाका. त्रास देणारी साखर पाण्यात उतरते. दोन इडल्या चालतात, वाटीभर सांबार नाही.

*दूध.* म्हशीचं असो वा गाईचं, एक मोठा कप दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, असते. लॅक्टोज-फ्री दूध आता मोठ्या गावांत पाकिटात मिळतं; त्याचं घरी दहीही लागतं. तूप आणि लोणी चालतं, त्यात लॅक्टोज नगण्य असतं. पनीर थोडं चालतं. खवा, बासुंदी, खीर, आइस्क्रीम नाही.

*भाज्या.* साधारण ७५ ग्रॅमच्या मापात चालणाऱ्या: भेंडी, वांगं, फरसबी, कोबी, गाजर, काकडी, पालक, मुळा, हिरवी ढोबळी मिरची. बटाटा चालतो, टोमॅटो अर्धा. फ्लॉवर, मटार आणि मशरूम बंद.

*फळं.* संत्रं, पपई, अननस आणि घट्ट, जेमतेम पिकलेलं केळं चालतं. पूर्ण पिकून काळे डाग पडलेल्या केळ्यात फ्रुक्टन्स वाढलेली असतात. पेरूचं नेमकं उलट आहे: पिकलेला चालतो, कच्चा त्रास देतो. आंबा, सफरचंद, नाशपाती, कलिंगड, सीताफळ आणि मध या टप्प्यात बंद. म्हणून हे पथ्य एप्रिल-मेमध्ये सुरू करू नका. समोर आमरस असताना कोणाचाच निग्रह टिकत नाही, आणि चाचणी वाया जाते.

*सुकामेवा.* शेंगदाणे मूठभर चालतात, काजू आणि पिस्ता नाही. हॉटेलातली पांढरी ग्रेव्ही काजूची असते, हे लक्षात ठेवा.

मांस, मासे, अंडी यांत ही कर्बोदकं नसतातच. त्रास होतो तो मसाल्यातल्या कांदा-लसणानं. शाकाहारी माणसानं मात्र प्रथिनांचा हिशोब करायला हवा, कारण डाळी कमी होणार आहेत. घट्ट टोफू, पनीर, लॅक्टोज-फ्री दही, शेंगदाण्याचं कूट आणि पाव वाटी मूग हे रोज कुठंतरी बसवा.

एक साधा दिवस असा दिसतो. सकाळी बटाटा-शेंगदाण्याचे पोहे, वरून हिरवी पात आणि कोथिंबीर, लॅक्टोज-फ्री दुधाचा चहा. दुपारी ज्वारीची भाकरी, लसणाच्या तेलातली भेंडी, काकडीची कूट घातलेली कोशिंबीर, थोडा भात आणि पाव वाटी मुगाचं वरण, वर तूप. चारला एक संत्रं. रात्री भात आणि पनीर-ढोबळीची भाजी, किंवा आमसुलाच्या पाण्यातलं माशाचं कालवण, तेही कांद्याशिवाय.

६. कुठं फसायला होतं

तयार मसाले. कांदा-लसूण मसाल्याचं नावच पुरेसं आहे, पण चिकन मसाला, पावभाजी मसाला, सूपची पाकिटं, नूडल्सच्या पुड्या यांतही कांद्याची आणि लसणाची पावडर असू शकते. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी यांत डाळी व गहू दोन्ही येतात. चिवड्यात लसूण, शेवेत बेसन. घरी केलेला गोडा मसाला कांदा-लसणाशिवाय असेल तर निर्धास्त वापरा.

शुगर-फ्री गोष्टी. साखरेऐवजी सॉर्बिटॉल, माल्टिटॉल, झायलिटॉल घातलेली मिठाई, च्युइंगम आणि काही खोकल्याची औषधं यांनी जुलाब होतात. लेबलवर ही नावं शोधा.

'जैन' म्हणून मागवलेली भाजी. कांदा-लसूण नसतो हे खरं, पण फ्लॉवर, मटार, काजू असतात. बाहेर जेवायचं असेल तर साधा भात, तूप, बटाट्याची सुकी भाजी, ऑम्लेट किंवा तळलेला मासा हे सोपं.

उपवासाचे पदार्थ खूपसे सोयीचे आहेत: साबुदाण्याची खिचडी, बटाटा, दाण्याची आमटी बेतानं. रताळं मात्र ७५ ग्रॅमच्या आतच.

'ग्लूटेन-फ्री' लिहिलेली पाकिटं. त्यात बेसन, सोयाचं पीठ, मध, इन्युलिन असू शकतं. इन्युलिन आणि चिकोरी हे फ्रुक्टनच आहे, आणि 'फायबरयुक्त' म्हणून ते बऱ्याच पावडरींत घालतात.

७. चार आठवड्यांनी निर्णय

वहीतला पहिला आठवडा आणि आताचा आठवडा शेजारी ठेवा. दुखणं आणि फुगणं स्पष्ट कमी झालं असेल तर पुढच्या टप्प्यावर या. थोडाच फरक असेल तर आणखी दोन आठवडे, त्यापुढे नाही. सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल तर फॉडमॅप हे तुमचं कारण नाही. सगळे पदार्थ परत सुरू करा आणि डॉक्टरांशी दुसऱ्या उपायांबद्दल बोला. आयबीएस असलेल्या दहांपैकी साधारण पाच ते सात जणांना या पथ्यानं बरं वाटतं; उरलेल्यांनी आणखी कडक होण्यात काही मिळत नाही.

बरं वाटलं म्हणून याच टप्प्यात राहणं ही सगळ्यात मोठी चूक. फ्रुक्टन्स आणि डाळींतली ती साखर हे आतड्यातल्या चांगल्या जंतूंचं अन्न आहे. महिनोन्महिने ते बंद ठेवलं की हे जंतू कमी होतात, कॅल्शियम आणि तंतू कमी पडतात, आणि जेवणाची भीती बसते ती वेगळीच.

८. परत आणणं: सहा ते आठ आठवडे

नियम थोडे आहेत पण मोडू नका. बाकी जेवण वगळण्याच्या टप्प्यातलंच राहील. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, वाढत्या मापात. मग तीन दिवस विश्रांती. त्रास झाला तर तिथंच थांबा आणि पोट पूर्ववत झाल्यावरच पुढचा पदार्थ घ्या. पाळीचा आठवडा, प्रवास, लग्नसराई, अँटिबायोटिकचा कोर्स अशा दिवसांत चाचणी करू नका.

मापं साधारण अशी:

- लॅक्टोज: साधं दूध ६० मिली, दुसऱ्या दिवशी १२०, तिसऱ्या दिवशी २५०. नुसतं दूध प्या. चहा-बिस्किटात घेतलं तर गव्हाचा त्रास कुठला आणि दुधाचा कुठला हे कळणार नाही.
- गहू: अर्धी पोळी, एक पोळी, दोन पोळ्या.
- लसूण: पाव पाकळी, अर्धी, एक.
- कांदा: एक मोठा चमचा चिरलेला, दोन चमचे, पाव कांदा. गहू, लसूण आणि कांदा तिन्ही फ्रुक्टनचेच, तरी वेगवेगळे तपासा. एक सोसतो आणि दुसरा नाही असं नेहमी होतं.
- डाळ: शिजलेली तूर पाव वाटी, अर्धी, पाऊण.
- फ्रुक्टोज: मध एक छोटा चमचा, दोन, तीन. किंवा हंगाम असेल तर आंब्याच्या फोडी.
- मॅनिटॉल: उकडलेलं रताळं ७५, ११०, १५० ग्रॅम.
- सॉर्बिटॉल: ताजं पीच किंवा जर्दाळू मिळेल तेव्हा. न मिळाल्यास ही चाचणी शेवटी ठेवा, त्यावाचून अडत नाही.

क्रम तुम्ही ठरवा. मी म्हणेन, दूध आणि तूर आधी घ्या. रोजच्या पोषणाला ती सगळ्यात जास्त लागतात. नुसत्या भातावर वरण परत आलं की घरातलं जेवणही पुष्कळ सोपं होतं.

निकाल हो-नाहीत लिहू नका, मापात लिहा: "पोळी: एक चालते, दोनला फुगतं." असं आठ ओळींचं पान तयार झालं की तेच तुमचं कायमचं पथ्य. जे चालतं ते रोजच्या जेवणात आणा, पण सगळ्या चाचण्या संपल्यावर. जे चाललं नाही ते तीन-चार महिन्यांनी परत तपासा, सहनशक्ती बदलते.

९. पूरकं: कोणती, किती, कशी

वगळण्याच्या आणि चाचणीच्या काळात नवीन काहीही सुरू करू नका, नाहीतर फरक कशानं पडला हे कळणारच नाही. सुरू कराल ते एका वेळी एक, आणि निदान चार आठवडे.

*इसबगोल.* आयबीएससाठी सगळ्यात भरवशाचं आणि स्वस्त. भुशी अर्धा छोटा चमचा घेऊन सुरू करा, दर चार-पाच दिवसांनी थोडं वाढवत दिवसातून दोनदा एक चमचा. बद्धकोष्ठ आणि जुलाब दोन्हींत चालतं. मोठा ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या आणि वर आणखी पाणी प्या; कमी पाण्यात घेतलेलं इसबगोल घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. गिळायला त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. थायरॉइड, लोह किंवा इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर ठेवा.

*पेपरमिंट तेल.* आतड्यात जाऊनच फुटणारी, ०.२ मिलीची कॅप्सूल, जेवणाआधी अर्धा ते एक तास, दिवसातून तीनदापर्यंत. मुरड्याला उपयोगी. चावू नका. छातीत जळजळ होणाऱ्यांनी टाळा. पुदिन्याचा अर्क पाण्यात घालून पिणं म्हणजे हे नव्हे.

*बी-१२.* शाकाहारी असाल, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल किंवा अॅसिडिटीची पॅन्टोप्राझोलसारखी गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर कमी असण्याची शक्यता बरीच. २०० पिकोग्रॅमच्या खाली आकडा आला तर गोळी की इंजेक्शन हे डॉक्टर ठरवतील.

*डी-३.* साठ हजार युनिटचं पाकीट आठवड्याला एक, बहुधा आठ आठवडे, असं लिहून देतात. चिठ्ठी संपते आणि घरात पाकीट चालूच राहतं, महिनोन्महिने. काही जण ते चुकून रोज घेतात. त्यानं रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. पाकिटावर तारखा लिहून ठेवा.

*लोह.* फेरिटिन कमी असेल तरच. चहापासून दूर घ्या. थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांच्यात चार तासांचं अंतर हवं. लोहानं शौच काळं होतं आणि कडकही होतं. ते आयबीएस वाढलं असं समजू नका.

*कॅल्शियम.* दूध बंद असलेल्या आठवड्यांत लक्ष हवं. मोठ्या माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम लागतं. लॅक्टोज-फ्री दूध-दही आणि काट्यासकट खायचे छोटे मासे यांतून बरंच मिळतं. नाचणी पोटाला मानवली की तीही घ्या. शंभर ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम असतं.

*प्रोबायोटिक (चांगल्या जंतूंची पूरकं).* पुरावा विस्कळीत आहे. करून पाहायचं तर एकच प्रकार, पाकिटावरच्या मात्रेत, चार आठवडे. फरक नसेल तर बंद.

*लॅक्टेजच्या (लॅक्टोज पचवणाऱ्या) गोळ्या.* दूध सोसत नाही हे चाचणीत ठरलं असेल तर लग्नाच्या बासुंदीआधी एक घेणं हा चांगला उपाय आहे.

'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक असं धरू नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल नेमानं घेणाऱ्यांमध्ये यकृताला इजा झाल्याची प्रकरणं प्रसिद्ध केली. हळदीच्या तीव्र कॅप्सूल, विशेषतः मिऱ्याच्या अर्कासोबतच्या, यांबद्दलही असे अहवाल आहेत. भाजीतली हळद वेगळी, कॅप्सूल वेगळी. पाकिटावरचा चौदा अंकी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) क्रमांक म्हणजे ते अन्न म्हणून विकायचा परवाना. आजार बरा होतो याचा तो दाखला नाही.

१०. पुन्हा डॉक्टरांकडे कधी

चाचण्या संपल्यावर आठ ओळींचं पान, वही आणि वजनाचा आकडा घेऊन एकदा दाखवून या. बी-१२, डी-३ किंवा लोह सुरू केलं असेल तर तीन महिन्यांनी तपासणी परत करा आणि त्यावर मात्रा बदलून घ्या. मधल्या काळात शौचातून रक्त दिसलं, ताप येत राहिला, पथ्य नीट होऊनही महिन्यात दोन-तीन किलो वजन उतरलं किंवा रात्री दुखून जाग येऊ लागली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच आठवड्यात जा.